हिमानीची बर्फातली माशी

विनीता पाटणकरला किड्यांची मुळीच आवड नाही. नागपूरहून ती अमेरिकेतल्या श्रूजबरीला आली, सॉफ्टवेअरमध्ये रुळली, पण घरात साधा कोळी दिसला तरी नवऱ्याला हाक मारायची. तिची एकुलती लेक हिमानी मात्र लहानपणापासून ओढ्यातले दगड उलटे करून खालचे किडे बघणारी. पुढे तिनं तोच अभ्यास निवडला. कुणी विचारलंच, तर विनीता "बायॉलॉजी करते" एवढं सांगून मोकळी व्हायची.

हिमानीचा विषय हिवाळी स्टोनफ्लाय. बाकीचे किडे थंडीत दडून बसतात, तेव्हा या माश्या पाण्यातून वर येतात आणि बर्फावर चालत सुटतात. तांदळाच्या दाण्याएवढ्या, काळ्या. एका वंशातल्या जाती तर इतक्या सारख्या, की नराच्या पाठीवरचा बारीकसा उंचवटा मायक्रोस्कोपखाली बघूनच जात ठरवायची.

गेल्या वर्षी वूस्टरजवळच्या एका ओढ्यावर हिमानीला असे नर मिळाले, ज्यांच्या उंचवट्याला नेहमीची खाचच नव्हती. असा नर कुठल्या पुस्तकात नव्हता. तिच्या प्राध्यापकांनाही वाटलं, ही नवी जात. परिषदेत मांडायचं ठरलं. विनीतानं मोठ्या हौसेनं ओळखीपाळखीच्यांना फोन केले.

फेब्रुवारीत हिमानी म्हणाली, "आई, एक शनिवार देशील? ओढ्याच्या खालच्या अंगाला कुणी कलेक्टच केलेलं नाहीये."

विनीता गेली. ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्यावर माश्या चालत होत्या. ओल्या ब्रशनं एकेक उचलायची आणि अल्कोहोलच्या बाटलीत सोडायची.

"हलक्या हातानं, आई. पाय तुटतात."

विनीताची बोटं बधिर झाली होती, नाक गळत होतं. तरी दुपारनंतर तीच पुढे जाऊन सांगू लागली, "हिमू, इकडे ये, इथे पण आहे."

दुसऱ्या दिवशी हिमानी जेवणाच्या टेबलावर मायक्रोस्कोप मांडून बसली, आणि एकेक नर पुन्हा पुन्हा तपासू लागली. शेवटी तिनं आईला बोलावलं. गेल्या वर्षीच्या, वरच्या अंगाच्या नरांना खाच नव्हती. मधल्या टप्प्यातल्यांना पुसट होती. खालच्यांना चांगली खोल.

"हे तर एकातून एक होत गेलंय," विनीता म्हणाली.

"हो. इट्स जस्ट वन स्पीशीज. जुनीच."

विनीताला वाईट वाटलं. "पण हे मधले अजून कुणी पाहिलेत कुठे?"

"मी पाहिलेत ना, आई."

ती हे अगदी साधेपणानं म्हणाली. ही आपली मुलगी, असं विनीताच्या मनात आलं आणि ऊर भरून आला.

हिमानीनं प्राध्यापकांना सगळं दाखवलं. त्यांनाही ते पटलं. परिषदेत तिनं नव्या जातीऐवजी तीच जुनी जात किती रूपं घेते, ते मांडलं. जाती ओळखायच्या तक्त्यात कुठे चूक होते, तेही सांगितलं. सभागृहातून प्रश्नांवर प्रश्न आले. प्रत्येकाला तिनं शांतपणे उत्तर दिलं.

मागच्या रांगेत विनीताच्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, "तुम्हीही स्टोनफ्लायवर काम करता?"

"नाही. शी इज माय डॉटर," विनीता म्हणाली. मग जरा ताठ बसून तिनं भर घातली, "पडद्यावरचा तो नर मात्र मी पकडलाय."

हिमानीनं दुरुस्त केलेला तक्ता आता आसपासच्या राज्यांतले ओढे तपासणारे लोक वापरतात.