चौदा पायऱ्या

दीपेश कुठल्याही घरात शिरला की आधी भिंतीला नाक लावायचा. मग हात. मग मागे सरकून छताकडे बघायचा.

घर रिकामं असलं तरी चपला उंबऱ्याबाहेर काढायचा.

टेप खिशात असायची, पण मोजायचा वितीने. टेप नंतर. दोन्ही जुळलं की टेपकडे बघून मान हलवायचा, जणू टेप परीक्षेत पास झाली.

फ्लॅट हा शब्द त्याने कधी वापरला नाही. दोन बेडरूम असल्या तरी ती खोलीच.

चहा अर्धा प्यायचा आणि कप कुठल्या तरी खिडकीत विसरायचा. त्याने विकलेल्या घरात नव्या माणसांना पहिल्या दिवशी एक कप हमखास सापडायचा.

त्याच्या जुडग्यातल्या प्रत्येक किल्लीला त्या त्या घराच्या जुन्या पडद्याची चिंधी बांधलेली असायची.

संध्याकाळी सहाला आईला फोन. पहिला प्रश्न, बकऱ्या आल्या का.

गिऱ्हाइकाने किंमत विचारली की आधी पुराचं पाणी सांगायचा.

हे मी तो गेल्यावर चौथ्या दिवशी वहीत लिहिलं. दुसरं काही सुचत नव्हतं.

दीपेश उतेकर. वय अठ्ठावीस. कापडे गावाच्या वरची वाडी, तालुका पोलादपूर. महाडच्या कॉलेजात आम्ही दोन वर्षं एका बाकावर होतो. मी पुढे एम.ए. केलं आणि क्लासमध्ये शिकवायला लागलो. तो दुसऱ्या वर्षालाच बाहेर पडला आणि रंगाऱ्याच्या हाताखाली गेला. मला मास्तर म्हणायचा. मी शिकवायला लागायच्या आधीपासून.

एकवीस सालच्या पुरात महाडची बाजारपेठ बुडाली. पाणी उतरलं तेव्हा घराघरात चिखल होता आणि भिंतींवर एक पट्टी होती. पाणी जिथवर चढलं तिथवरची. रंगाऱ्यांना त्या वर्षी श्वास घ्यायला वेळ नव्हता. दीपेश तेव्हाच धंद्यात शिरला. आधी रंग, मग दुरुस्ती, मग दलाली. पुढे स्वतःच बुडालेले तळमजले घ्यायला लागला. प्लास्टर खरवडायचं, भिंती वाळू द्यायच्या, बटणं आणि वायरी वर उचलायच्या, ओटा नवा करायचा, आणि विकायचं. बाकीचे भिंती वाळायची वाट बघत नसत. तो बघायचा. पूर्ण उन्हाळा घर उघडं टाकायचा.

आणि शेवटी एक गोष्ट करायचा. दाराच्या मागे, जिथे कॅलेंडर लावतात तिथे, गेरूने एक आडवी रेघ ओढायचा. पाणी जिथवर आलं होतं तिथे. रेघेच्या वर तारीख. त्याच्या दोनच्या आकड्याला लांब शेपटी असायची. महाडात अशा रेघा बऱ्याच जणांनी ठेवल्या आहेत, पण विकायच्या घरात आता कोणी ठेवत नाही. दुसरे एजंट त्याला हसायचे.

बुद्धरत्न नावाचा औद्योगिक वसाहतीतला एक ऑपरेटर खोली बघायला आला होता, तेव्हा मी तिथे होतो. दीपेशने दार लावून घेतलं आणि त्याला रेघ दाखवली. रेघ बुद्धरत्नच्या छातीशी होती.

"तू विकायला आलायस की घाबरवायला?" बुद्धरत्न म्हणाला.

"विकायलाच. पण तू सेकंड शिफ्टला असशील आणि पोरं घरात असतील. त्यांना ठाऊक पायजे कुठवर चढायचं."

बुद्धरत्नने खोली घेतली. आज त्याच्या घरात फ्रीजपासून दप्तरांपर्यंत सगळं रेघेच्या वर आहे. फ्रीज उघडायला त्याच्या बायकोला स्टूल लागतं. याबद्दल ती दीपेशला भेटेल तिथे सुनवायची.

दीपेशला एकच घर स्वतःसाठी हवं होतं. आईसाठी.

सगुणाबाई वाडीवर एकट्या राहतात. वडील लहानपणीच गेले. सात बकऱ्या, एक पाडा, घरामागे नाचणीचं रान. त्या रानाच्या वर डोंगराला भेग पडली आहे. तीन वर्षांपूर्वी तिच्यात हात जात होता, आता पाय जातो. दरवर्षी पावसाच्या आधी स्थलांतराची नोटीस येते. वाडी चार महिने खालच्या शाळेत झोपायला जाते. सगुणाबाई जात नाहीत. शाळेत बकऱ्या घेत नाहीत.

दीपेशने त्यांना महाडला ये म्हणून किती वेळा सांगितलं, मोजलं नाही. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. वरनं माती, खालनं पाणी, मातीची निदान ओळख हाय. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट त्याने त्यांना दाखवून आणला होता. त्या गॅलरीत उभ्या राहिल्या, खाली बघितलं आणि विचारलं की बकऱ्या कशा चढणार. लिफ्ट दाखवल्यावर त्या हसल्या. आल्या नाहीत.

मागच्या दिवाळीत त्याला हवं तसं घर सापडलं. गल्लीच्या टोकाला, बैठं, कौलारू, मागे परसू. आतलं छप्पर उंच. मालक ठाण्याला राहायचा. दाराच्या मागे रेघ होती, दीपेशच्या खांद्याशी. वर तारीख, शेपटीवाले दोन.

"माझीच रेघ हाय ही," दीपेश म्हणाला. त्याला आनंद झाला होता. घर आपणच रंगवलं होतं हे त्याच्या लक्षात नव्हतं. त्या वर्षी त्याने चाळीसेक घरं रंगवली होती.

त्याने भिंतीला नाक लावलं. वास फक्त रंगाचा होता. शेजाऱ्यांना त्याने काही विचारलं नाही. एरवी तो दोन्ही बाजूंचे शेजारी, समोरचा वाणी, सगळ्यांना विचारायचा. इथे अक्षर त्याचं होतं. त्याने घर घेतलं.

त्याची योजना अशी. खाली तो राहणार. रेघेच्या वर जवळजवळ तीन फूट सोडून फळ्यांचा माळा. माळ्यावर आई. चार महिने डोंगराची भीती नाही, आणि पाणी आलंच तर आई आधीच वर. बकऱ्या परसात, आणि पाणी वाढलं की त्याही माळ्यावर. म्हणून शिडी नको होती. लोखंडी जिनाही नको. विटांच्या, रुंद, बसक्या पायऱ्या हव्या होत्या, बकरी धावत चढेल आणि आईचा गुडघा बोलणार नाही अशा.

पायरीचं माप घ्यायला तो वाडीवर गेला. आईच्या घराच्या पायऱ्या मोजल्या. एक वीत उणे दोन बोटं. टेपने सहा इंच.

सखा गवंड्याने पायऱ्या बांधायला घेतल्या. सखा पन्नाशीचा, दीपेशच्या सगळ्या कामांवर तोच. चौथ्या पायरीला त्याने विचारलं की बकऱ्यांना कठडा कुठल्या बाजूला लागतो. सातव्याला म्हणाला, बोकडाला सांग आत्तापासून सवय कर. दीपेश हसायचा आणि पायरी वितीने मोजायचा. फेब्रुवारीपर्यंत चौदा पायऱ्या झाल्या. पंधरावं पाऊल माळ्याच्या फळीवर. प्रत्येक पायरीवर जुना कडप्पा बसवला होता, पाडलेल्या घरांतून आणलेला. नवा गुळगुळीत असतो, बकरी घसरते, असं त्याचं म्हणणं.

रंगाच्या आधी भिंत घासायची होती. ते काम तो दुसऱ्याला देत नसे. मी त्या दिवशी क्लास सुटल्यावर तिकडे गेलो होतो. तो माळ्याखाली स्टुलावर उभा होता. पत्र्याने खरवडत होता. रंगाखालच्या पुट्टीचा एक मोठा पापुद्रा सुटून खाली पडला.

मागे तपकिरी पट्टी होती. सरळ, आडवी. माळ्याच्या फळ्यांच्या दोन बोटं खाली.

त्याने अजून खरवडलं. पट्टी पुढे पुढे जात राहिली. शेजारच्या भिंतीवरही गेली. मग त्याने नाक लावलं. चिखलाचा वास अजून होता, तो म्हणाला.

सखा खाली सिमेंट कालवत होता. तो उठला, पट्टीकडे बघितलं, दारामागच्या रेघेकडे बघितलं.

"पुराच्या पयल्या चार म्हयन्यांत मालक सांगतील तिथं वढायचास की रं रेघ," सखा म्हणाला. "समदेच वढायचो. खांद्याच्या वर रेघ असली तर घर कोण घेतंय."

दीपेश स्टुलावरून उतरला. दारामागे गेला.

"अक्षर माझंच हाय," तो म्हणाला. "म्हणून तर इचारलं नाय कुणाला."

एवढंच. ओरडला नाही. खिडकीत त्याचा चहा होता, तो प्याला. पूर्ण प्याला.

दुसऱ्या दिवशी त्याने माळा सोडवला. फळ्या काढल्या, वासे काढले, सगळं दीड फूट वर चढवलं. त्याहून वर कौलं होती, जागा नव्हती. माळा तयार झाला, पण चौदावी पायरी आता हवेत संपत होती. मध्ये दोन फुटांचं अंतर. आणखी तीन पायऱ्या हव्या होत्या.

दारामागची रेघ त्याने पाण्याने पुसली. खरी रेघ पायऱ्या झाल्यावर ओढू म्हणाला.

मध्ये दीड महिना काम थांबलं, कारण सखाच्या मुलीचं लग्न होतं. दीपेश दुसरा गवंडी घेईना. लग्न झालं. सखाने पंधराव्या पायरीच्या विटांना आधाराची फळी ठोकली. तीन कडप्पे कमी होते.

मेच्या पहिल्या आठवड्यात दीपेश वाडीवर गेला. आईला सांगितलं, आठ दिवसांत घर होतंय, नोटीस यायच्या आधी खाली चल. सगुणाबाईंनी पहिल्यांदाच नाही म्हटलं नाही. पाड्याचं काय, असं विचारलं. पाडा चुलत्याकडे ठेवू म्हणाला. त्या बरं म्हणाल्या.

येताना पोलादपुरात एक जुनं दुकान पाडत होते. तिथून त्याने तीन कडप्पे घेतले आणि मोटरसायकलला मागे सुतळीने बांधले. मला फोन केला. "मास्तर, आई हो बोलली," म्हणाला. दुपारचे साडेतीन झाले होते.

चार वाजता महामार्गावर टेम्पोची धडक बसली. रस्ता कोरडा होता. टेम्पोवाला थांबला होता. त्यानेच दवाखान्यात नेलं. दवाखान्यात न्यायचं काही उरलं नव्हतं.

मला फोन आला तेव्हा मी अलंकार शिकवत होतो. मी तास पूर्ण केला. का केला ते माहीत नाही.

पोलिसांनी विचारलं, दगड कशासाठी होते. मी म्हटलं, पायऱ्यांसाठी. त्यांनी लिहून घेतलं. एक कडप्पा तुटला होता. दोन त्यांनी माझ्याकडे दिले. मी ते रिक्षातून आणले. रिक्षावाला वजनाबद्दल कुरकुरला.

सहा वाजता दीपेशच्या फोनवर आईचा फोन आला. त्याने केला नाही म्हणून त्यांनी केला. फोन माझ्या हातात होता. मी उचलला. त्या म्हणाल्या, बकऱ्या आल्या रे. मी हो म्हटलं. चुलते वाडीवर सांगायला निघाले होते. मी त्यांच्या आधी काही सांगितलं नाही.

दीपेशचे दिवस झाल्यावर सगुणाबाई घर बघायला आल्या. सखा होता, मी होतो. किल्ली माझ्याकडे होती, हिरव्या चिंधीची. त्यांनी चपला बाहेर काढल्या. भिंतीला हात लावला. मग पायऱ्या चढायला लागल्या. कठडा धरला नाही. आपल्या घरातल्यासारख्या चढल्या, पायाकडे न बघता. चौदाव्या पायरीवर थांबल्या. माळा त्यांच्या मांडीशी होता. फळीवर त्यांनी हात ठेवला.

"बकरी उडी मारंल," त्या म्हणाल्या. "मी नाय."

सखा म्हणाला, वहिनी, दोन दिसांचं काम हाय, उद्या लागतो. पैशाचं काढू नका.

त्या वरच उभ्या होत्या. खालची मोरी, ओटा, दीपेशच्या पथारीची जागा, सगळं त्यांना तिथून दिसत होतं.

"मी वर ऱ्हाणार व्हते. तो खाली," त्या म्हणाल्या. "आता खाली कोण?"

सखाने माझ्याकडे बघितलं. मी पायऱ्यांकडे बघितलं. त्या उतरल्या. संध्याकाळच्या एसटीने वर गेल्या. बकऱ्या शेजारणीवर सोपवून आल्या होत्या. स्टँडवर मी त्यांना म्हटलं, पावसात शाळेत झोपायला जा. त्यांनी ऐकून घेतलं.

नोटीस बुधवारी आली. चुलत्यांनी फोनवर वाचून दाखवली. तीच आहे, तारीख नवी.

मी दर दोन दिवसांनी घर उघडतो. खिडक्या उघडतो, भिंती वाळाव्यात म्हणून. स्वयंपाकघराच्या खिडकीत एक कप आहे. दारामागे गेरूचा नुसता डाग आहे, रेघ नाही. चौदा पायऱ्या झाल्या आहेत. पंधराव्या पायरीची फळी ठोकलेली आहे. तिच्या आत विटांचा पहिला थर आहे, दुसरा नाही. दोन कडप्पे खाली भिंतीला टेकून उभे आहेत. त्यांची सुतळी मी अजून सोडलेली नाही.