पावाची गाडी, नवा चार्जर आणि माझा नारळ

माझ्या हातून नारळ एका फटक्यात फुटतो. बरोबर मधोमध, दोन सरळ भकलं, कुठं चिरफळी नाही. देवानं मला दिलेला हा एकमेव गुण, आणि त्याच गुणाच्या जोरावर मी माझ्या सख्ख्या बहिणीची नोकरी घालवली. तीही लागायच्या आधीच!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा सावेडीत दोन खोल्यांत राहायचो. अण्णा, म्हणजे आमचे वडील, नागापूरच्या एमआयडीसीतल्या एका बेकरीची पावाची गाडी चालवायचे. मीही तिथंच कारकून होतो. (परमनंट नव्हतो, एक तारखेला होणार होतो. हे जरा लक्षात ठेवा. पुढं माझी बाजू फारच लंगडी पडणार आहे, तेव्हा एवढाच एक टेकू आहे.)

ही गाडी बॅटरीवर चालायची. डिझेल वाचतं म्हणून शेठनी ती कुठूनशी जुनी उचलून आणली होती. तिला आवाजच नव्हता! सावेडीतल्या बायका दारात वाट बघत उभ्या असायच्या आणि पाव मागच्या गल्लीतून निघून गेलेला असायचा. शेवटी अण्णांनी एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात थाळी-चमचा अशी व्यवस्था केली. सगळं नगर हसायचं, पण अण्णांचा जीव होता त्या गाडीवर.

गाडीच्या पोटातच, मागच्या फळीखाली, चार्जर बसवलेला होता. संध्याकाळी भिंतीतला प्लग लावायचा, सकाळी बॅटऱ्या भरलेल्या मिळायच्या. एक दिवस तो चार्जर गेला. शेठनी पुण्याहून नवा मागवला. चार्जर एसटीच्या पार्सलनं दुसऱ्या दिवशी आला, पण तो बसवणारा माणूस काही येईना. आठवडा झाला, अण्णा सायकलला क्रेट बांधून पाव वाटत होते.

"शेठ, माजी पोरगी बसवील," अण्णा एक दिवस म्हणाले.

"पोरगी?"

"आयटीआय केलंय तिनं. इलेक्ट्रिशियन. वर्गात पहिली."

"वर्गात मुली किती होत्या?"

"येकच. पर पोरं चाळीस हुती की!"

शेठ हसले. मग म्हणाले, "बरं. बसवू दे. गाडी चालली तर तिला इथंच मेंटेनन्सला ठेवतो. शब्द माझा."

पोरगी म्हणजे निर्मला, माझी धाकटी बहीण. घरातली इस्त्री, रेडिओ, शेजारणीचा मिक्सर, सगळं तीच दुरुस्त करायची. (घरात फ्यूज गेला की मोठा भाऊ या नात्यानं मीही पुढं व्हायचो आणि मेणबत्ती शोधायचो.) तिला ही नोकरी का हवी होती, तेही सांगतो. काष्टीचं एक स्थळ आलं होतं. कांद्याची शेती, मोठं खटलं, आणि त्यांची अट एकच, सुनेनं घराबाहेर काम करायचं नाही. आईला ते स्थळ सोडवत नव्हतं.

"नोकरी लागली तर?" निर्मलानं विचारलं.

"तर दोन वरीस लग्नाचं नाव न्हाई काढायचं," अण्णा म्हणाले.

"आणि न्हाई लागली तर?" आईनं विचारलं.

"तर मंग काष्टी."

रविवारी निर्मला बेकरीत आली. ओढणी कमरेला खोचलेली, हातात पक्कड, टेस्टर आणि आईच्या शिवणाच्या डब्यातली रंगीत दोऱ्याची रिळं. मी विचारलं, "भरतकाम करणार आहेस का?" जुन्या चार्जरची एकेक वायर सोडवण्याआधी तिनं तिला एकेका रंगाचा दोरा बांधला, वहीत टिपून घेतलं, आणि नवा चार्जर त्याच रंगांच्या हिशेबानं जोडला. दोन तास ती गाडीखाली आडवी होती. मी तोवर देखरेख केली. (म्हणजे खुर्चीवर बसलो.)

बारा वाजता तिनं प्लग लावला. हिरवा दिवा लागला. मीटरचा काटा थरथरला आणि हळूहळू वर चढला. निर्मलाचा तेव्हाचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही. विसरता आला असता तर बरं झालं असतं.

"दादा, चार वाजता शेठ येणार. तोवर ह्याला चार्ज होऊ दे. मी भाकरी खाऊन येते. हात लावू नको. आणि हे बघ, वर हवेला जाळी ठेवलीय, मागची फळी उघडीच ऱ्हाऊ दे. जवळ पाणीबिणी काय आणू नको."

"मला काय खुळा समजतेस?"

"म्हणूनच सांगते!"

आता माझी कर्तव्यदक्षता बघा. ती गेल्याबरोबर मी गाडीजवळचा पाण्याचा माठ स्वतः उचलला आणि पार गेटपर्यंत नेऊन ठेवला. वॉचमन गंगाराम म्हणाला, "सायेब, माठ का हलवला?" मी म्हणालो, "इलेक्ट्रिकचं काम आहे, पाण्याचा थेंब चालत नाही!" आणि परत येऊन मी पिशवीतून नारळ काढला.

नारळ आईनं दिला होता. नवी वस्तू आली की नारळ फोडायचा, हे आमच्याकडं विचारावंही लागत नाही. आईनं सांगितलं होतं, शेठ आल्यावर चाकाशी फोडा. पण मी विचार केला, नवं काय आहे? चाक? चाक तर जुनंच आहे! देवाला चाक दाखवायचं आणि चार्जर लपवायचा, ही फसवणूक झाली. शिवाय शेठ यायच्या आत पूजा आटोपलेली असली तर म्हणतील, पोरगा तयारीचा आहे, एक तारखेला विसरायला नको. मी चार्जरला हळदीकुंकू लावलं, उदबत्ती खोचली, हात जोडले, आणि चार्जरच्या लोखंडी कडेवर नारळ आपटला.

एका फटक्यात! दोन सरळ भकलं!

पाणी सगळं जाळीतून आत गेलं. आतून आधी चुर्र झालं, मग फाट्‌! निळा जाळ निघाला, हिरवा दिवा विझला. मी मागच्या मागं मैद्याच्या पोत्यावर बसलो. बेकरीचा मेन फ्यूज उडाला, मैदा मळायचं मशीन थांबलं, भट्टीवरची माणसं ओरडत बाहेर आली आणि त्यांच्या मागून दस्तुरखुद्द शेठ आले. चारला यायचे ते दीडलाच आलेले होते, मला पत्ताही नव्हता.

मी काय करावं? खरं सांगावं. त्याऐवजी मी रुमालानं जाळी पुसली, खोबऱ्याचे तुकडे केले आणि प्रसाद वाटायला सुरुवात केली.

"काय झालं?" शेठनी विचारलं.

मी त्यांच्या हातावर खोबरं ठेवलं. आपल्याही तोंडात एक मोठा तुकडा कोंबला. तोंडात खोबरं असताना माणसाला बोलता येत नाही, ही निसर्गाची सोयच म्हणायची.

एवढ्यात अण्णा धावत आले. जळका वास घेतला, तोंड काळंठिक्कर पडलं. "नारळ फोडला हुता का?"

मी मान हलवली. फोडला.

"नीट फुटला?"

मान हलवली. एकदम नीट.

"मंग?" अण्णा गाडीकडं बघत म्हणाले. "मंग कसं काय उडालं?"

शेठ खोबरं चावत म्हणाले, "अण्णा, वाईट वाटून घेऊ नका. नारळ फोडूनसुद्धा उडाला, म्हणजे कामच कच्चं असणार! बिचारा देव तरी काय करील?" भट्टीवरची माणसं माना डोलवू लागली. कुणीतरी म्हणालं, "बाईमाणसाचं काम न्हवं ते." माझ्या नारळानं निर्मलाविरुद्ध साक्ष दिली होती, आणि साक्षीदार इतका पवित्र, की उलटतपासणी कोण घेणार?

निर्मला हात धुऊन आली तेव्हा सगळे तिच्याकडं बघत होते. तिनं आधी प्लग काढला, मग झाकण उघडलं. आत बोट फिरवलं. बोट नाकाशी नेलं. मग जमिनीवरच्या करवंट्यांकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं. माझं तोंड अजून भरलेलंच होतं. खरं म्हणजे खोबरं कधीच संपलं होतं, मी नुसताच चावत होतो.

"काय ग, काय चुकलं?" अण्णांनी विचारलं.

तिनं क्षणभर वाट बघितली. माझी. मग म्हणाली, "माजीच काय तरी चूक झाली असंल."

एक तारखेला मी परमनंट झालो. त्याच महिन्यात काष्टीची माणसं साखरपुड्याला आली. आईनं निर्मलाची ओटी भरली, खण, तांदूळ आणि वर एक भला मोठा नारळ. तो नारळ बाजारातून निवडून आणला होता मी. कानाशी हलवून, पाण्याचा आवाज बघून.

पुढं त्या बेकरीत मी पंचवीस वर्षं काढली. दर खंडेनवमीला मशिनांची पूजा व्हायची आणि शेठ भरल्या सभेत सांगायचे, "नारळ यांनाच फोडू द्या, यांच्या हाताला गुण आहे!" लोक टाळ्या वाजवायचे. मी नारळ फोडायचो. चाकाशी, लांब, जमिनीवर.

रिटायर झालो त्या वर्षी ठरवलं, बस झालं, आता निर्मलाला सांगून टाकायचं. काष्टीच्या एसटीत बसून वाक्यं पाठ केली. "निमा, तो चार्जर तू जाळला नाहीस." शेजारचा माणूस सरकून बसला. घरी पोचलो तर ती ओट्यावर कुणाच्या तरी विहिरीची मोटार उघडून बसली होती. सगळं गाव तिच्याकडं मोटारी आणतं म्हणे. घराबाहेर काम करायचं नाही ही अट तिनं मोडली नव्हती, काम घरात येत होतं. आणि कामाचं कुणी काही देत नव्हतं, कारण गावची सून म्हणजे घरचीच. समोर मोटारीच्या वायरी होत्या, आणि प्रत्येक वायरीला वेगळ्या रंगाचा दोरा.

तो दोरा बघून पाठ केलेली वाक्यं मी बाजूला ठेवली आणि तिच्यासमोर बसलो.

"निमा, मला तुला एक सांगायचंय."

"खोबऱ्याचं का?" ती वर न बघता म्हणाली.

मी गार झालो. "तुला ठाऊक होतं?"

"बोटाला वास आला हुता की."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"चार्जर तर जळलाच हुता, दोघांची नोकरी कशाला घालवायची? तू सांगशील म्हणून थांबले हुते जराशी." तिनं पक्कड खाली ठेवली. "लई वेळ चावत हुतास रे, दादा."

मी बोलायला तोंड उघडलं. माफी मागायचीच होती, शपथेवर सांगतो. तेवढ्यात ती उठली, देवापुढच्या ताटलीतला खोबऱ्याचा एक तुकडा आणला आणि माझ्यासमोर धरला.

"घे. तोंडात टाक, म्हंजी बोलायला नको."

आणि मी काय केलं असेल? हात पुढं केला. खोबरं गोड होतं.