पाहुण्यांना अडवणारी

ही पोरगी म्हैसुरात, सरस्वतीपुरमला आमच्या शेजारी राहते. इथं प्रवासी कशाला येतात, यावर कॉलेजात संशोधन करते. देवराज मार्केटात उभी राहून पाहुणे अडवते. कोणी "पॅलेस बघायला" म्हणालं, की "ते सगळेच म्हणतात" म्हणते आणि वहीवर पेन टेकवून वाट बघते. मग माणूस खरं बोलतो. एक जण आईची जुनी शाळा शोधत आला होता.

परवा दारात मलाच धरलं. "आजोबा, पाहुणा आला तर कुठं न्याल?"

"बायको गेली. आता कोण येतंय माझ्याकडे? सुम्ने, उगाच काहीतरी विचारू नको."

तिनं पेन पिशवीत टाकलं. "मी येते ना. मला न्या."

तोंडातून निघून गेलं, "सोसल्याला." बायकोचं माहेर ते. ती गेल्यावर मी तिकडं फिरकलोच नव्हतो.

आज स्टँडवर जाऊन रविवारची बस विचारून आलो.