हळू न होणारी मोटार
काल आमच्या मिक्सरची मोटार जळाली आणि करपलेल्या व्हार्निशच्या वासानं मला माधवनगरची ती पत्र्याची शेड आठवली. माझा थोरला भाऊ बांगलादेशच्या लढाईत उजव्या हाताची तीन बोटं गमावून परतला होता आणि त्या शेडमध्ये त्यानं लाकूड कातायचं जुनं मशीन मांडलं होतं. वेग कमी व्हावा म्हणून सगळ्यात मोठी पुली लावली तरी लाकूड इतक्या वेगानं फिरायचं की पटाशी त्याच्या हातात ठरत नसे. शेवटी त्यानं पंख्याचा रेग्युलेटर काढून मोटारीला जोडला. शेजारचा म्हातारा फिटर म्हणाला, "गड्या, सिंगल फेजची मोटार अशी हळू व्हत न्हाई, जळंल." "आवं मामा, दुसरं काय उरलंय?" भाऊ म्हणाला. मोटार खरंच जरा मंदावली, पटाशी लाकडावर ठरली, आणि माझ्याकडं बघून तो हसला. त्यानं थोडा जोर देताच मोटार घुमत अडली आणि धूर निघाला. त्यानं शांतपणे बटण बंद केलं. "मोटारीचा दोष न्हाई. माझा हातच मागं पडतोय," तो मला म्हणाला. पुढच्याच महिन्यात मशीन भंगारात गेलं आणि तो गिरणीच्या फाटकावर रखवालीला उभा राहिला. तो जाऊनही आता वर्षं झाली. त्या दिवशी शेडमध्ये मी त्याला काहीतरी म्हणायला हवं होतं, पण काय, ते मला आजही सुचत नाही.