रुद्राप्पांची लाकडी पाखरं

आमच्या शिवाजी पेठेतले रुद्राप्पा म्हणजे पॅटर्नवाले. उद्यमनगरातल्या फौंड्र्यांसाठी त्यांनी अठ्ठेचाळीस वर्षं लाकडी साचे केले. पंपाची बॉडी असो की ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स, आधी तो रुद्राप्पांच्या रंध्याखाली लाकडात घडायचा, मग वाळूत त्याचा ठसा उमटायचा आणि त्यात लोखंड ओतलं जायचं. एकाच मापाचे दहा साचे मागा, दहाही हुबेहूब. पुढं कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आली आणि रुद्राप्पा घरी बसले. घरात ते, बायको हिराबाई आणि मागं पत्र्याच्या शेडमध्ये हत्यारं.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात वर्षाराणी नावाची मुलगी पत्ता शोधत आली. शिरोळची, समुद्रपक्ष्यांचा अभ्यास करणारी. तिनं एक फोटो पुढं ठेवला. पांढरा पक्षी, पाठ राखी, चोच पिवळी, डोक्यावर विस्कटलेला काळा तुरा.

"काका, ह्यो तुरेवाला सुरय. अशी चाळीस पाखरं लाकडाची पाहिजेत."

रुद्राप्पांनी फोटो लांब धरून पाहिला. "आकसायला किती सोडू?"

ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून साचा कायम थोडा मोठा करायचा, ही त्यांची सवय. वर्षाराणी हसली. "पाखरू आकसत न्हाय काका. हाय त्या मापाचं करा."

चहा पिता पिता तिनं सगळं सांगितलं. कोकण किनाऱ्यापासून दूर एका खडकाळ बेटावर हे सुरय पूर्वी शेकड्यांनी यायचे. घरटं बांधणं नाही, उघड्या जमिनीवर एकच अंडं, आणि नरमादी आळीपाळीनं त्यावर बसणार. मग बोटींतून उंदीर बेटावर उतरले. अंडी गेली, पिल्लं गेली, शेवटी पक्ष्यांनीही पाठ फिरवली. वर्षाराणीच्या मंडळींनी चार वर्षं खपून उंदीर संपवले होते, बेट मोकळं होतं. पण हा पक्षी एकटा अंडं घालत नाही. आपल्यातलं कुणी बसलेलं दिसलं तरच उतरतो.

एप्रिलमध्ये चाळीस सागवानी पाखरं बेटावर बसली. जूनमध्ये वर्षाराणी परत आली ती चेहरा पाडून. सुरय आले होते, घिरट्या घालून निघून गेले होते.

"काका, सगळी एकाच तऱ्हेनं बसल्यात. खरी पाखरं दोन बी सारखी बसत न्हाईत."

"इतक्या वर्सांत माझा एक साचा माघारी आला न्हाय," एवढंच बोलून रुद्राप्पा शेडमध्ये गेले. तासाभरानं हिराबाई मागोमाग गेल्या. म्हणाल्या, "अवो, तुमची पाखरं कवायतीला उभी हायत. त्यात जीव कसा रमंल कुणाचा?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवं लाकूड घेतलं. मान वाकडी करायला जावं तर हात आपोआप सरळ रेषेवर यायचा. चार पाखरं झाली, चारही सारखीच. मग हिराबाईंनी त्यांचा माप घ्यायचा कॅलिपर उचलला आणि लुगड्यांच्या ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. रुद्राप्पा दोन दिवस शेडमध्येच जेवले.

वर्षाराणीनं सुरयांचे व्हिडिओ पाठवले होते. ते बघता बघता रुद्राप्पांची नजर घरातही फिरायला लागली. दुपारी डुलकी काढताना हिराबाईंची हनुवटी छातीवर टेकते. हाक मारताना मान पुढं येते. हळूहळू पाखरांना डौल आला. एक चोच वासून भांडणारं, एक अंग फुगवून पेंगणारं. पेंगणारं हातात घेऊन हिराबाईंनी विचारलं, "ही मी हाय व्हय?"

"सुरय हाय," रुद्राप्पा रंध्याकडं बघत म्हणाले.

पुढच्या एप्रिलमध्ये नवी पाखरं बेटावर बसली आणि मे महिन्यात वर्षाराणी दोघांना बोटीतून घेऊन गेली. वीण चालू असताना बेटावर पाय ठेवायचा नव्हता, म्हणून बोट लांबच थांबवली. रुद्राप्पांनी दुर्बीण लावली. खडकावर कलकलाट चालला होता, आणि आपलं कोण, खरं कोण, हे त्यांना ओळखू येईना. तेवढ्यात चोचीचं टोक मोडलेला एक सुरय मासा घेऊन उतरला. पेंगणाऱ्या लाकडी पाखरापुढं मान झुकवून त्यानं मासा धरला. वाट बघितली. मासा पुन्हा पुढं केला, नर मादीला मागणी घालताना करतो तसा.

रुद्राप्पांनी दुर्बीण खाली घेतली. "पोरी, ते तेवढं काढ तिथनं. फसवलं मी त्याला."

"आत्ता गेलो तर सगळी उठतील काका. अंडी उन्हात पडतील."

ते खाली बसले. हिराबाईंनी दुर्बीण घेतली, बराच वेळ बघितलं. "बसू दे की. त्याला सोबत पाहिजे हाय. आज लाकडाची हाय, उद्या खरी येईल."

त्या साली अकरा जोड्यांनी अंडी घातली, आठ पिल्लं उडाली. मोडक्या चोचीचा मात्र शेवटपर्यंत मासे आणत राहिला. पावसाळ्यानंतर लाकडी पाखरं रंगकामाला आली, तेव्हा रुद्राप्पांनी त्या पेंगणाऱ्याला बराच वेळ हात लावला नाही. मग गुपचूप रंगवून दिलं.

यंदा मे महिन्यात फोन आला. सव्वीस जोड्या, वर्षाराणी ओरडूनच सांगत होती, आता नवीन पाखरं करायला नकोत.

"आणि त्यो मासेवाला?" रुद्राप्पांनी विचारलं.

"त्यानं खऱ्या मादीशी जोडी केली काका! लाकडाच्या पाखराला चिकटूनच अंडं हाय. मघाशी तिनं मासा घेतला त्याच्याकडनं."

फोन ठेवून ते स्वयंपाकघराच्या दारात गेले. "अगं ऐकलंस का, घेतला तिनं मासा," म्हणाले. जोड्या किती, ते सांगायचं राहूनच गेलं.