भरवणारी

ओरिवाबद्दल लिहावं की नाही, यात माझे बरेच दिवस गेले. ती माझ्या शेजारची, किवीफळांच्या पॅकिंग शेडमध्ये काम करते. मोठ्याने हसते, खोटं बोलत नाही. या खोटं न बोलण्यापायीच सगळं घडलं.

तिच्या घरातली कुइनी तिच्या पोटची नाही. चुलतबहीण राइहाने आपली ही लेक तान्ही असताना गोताच्या सभाघरात, सगळ्यांसमोर ओरिवाच्या ओटीत घातली. आमच्याकडे अशा लेकराला फांगाई म्हणतात. कागद कोणी करत नाही. मात्र लेकरापासून त्याची जन्मदाती लपवायची नाही, हा नियम. राइहा कामासाठी ब्रिस्बेनला गेली, पण तिचा फोटो ओरिवाच्या भिंतीवर राहिला.

पोरंबाळं असलेल्या कष्टकऱ्यांना करखात्याकडून दर आठवड्याला सवलतीची रक्कम मिळते. ओरिवाचं घरभाडं त्यातूनच जायचं. यंदा पडताळणीचा फोन आला आणि पलीकडच्या मुलाने विचारलं, मुलगी तुमची का? ओरिवा म्हणाली, नाही, राइहाची. रक्कम थांबली.

शेडमधल्या बायकांनी तिला वेड्यात काढलं. "माझी म्हण की गं. कोण बघायला येतंय?"

"आणि तिच्या आईला पुसून टाकू?" ओरिवा म्हणाली.

भाडं थकलं. राइहाच्या कानावर गेलं तेव्हा तिने निरोप पाठवला, जमत नसेल तर पोरीला माझ्याकडे पाठव. कुइनीने तो ऐकला असावा. दुसऱ्या दिवशी तिने आपले कपडे पिशवीत भरून पिशवी दाराशी ठेवली. ओरिवाने ती हलवली नाही. तिचं हसणं मात्र भिंतीपलीकडून ऐकू येईनासं झालं.

टौरंगाला करखात्याच्या कचेरीत जाताना तिने मला सोबत घेतलं. "कोरो, तुम्ही नुसते शेजारी बसा." कोरो म्हणजे आजोबा. नुसतं बसणं मला जमतं.

टेबलापलीकडच्या बाईंनी शांतपणे तोच प्रश्न विचारला. मुलगी तुमची का? ओरिवाने मान खाली घातली. ती पुन्हा नाही म्हणणार, हे मला दिसत होतं.

"बाई," मी म्हणालो, "फांगाईचा मूळ अर्थ भरवणं. हिला विचारा, भरवतं कोण."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मलाही तेच हवंय, आजोबा. जन्माचा प्रश्नच नाही. रोजचं कोण बघतं?"

"मी," ओरिवा म्हणाली. "ती तान्ही होती तेव्हापासून."

"आणि यापुढे? मुलगी इथेच राहणार ना? तिच्या आईशी बोलता येईल?"

ओरिवाने माझ्याकडे पाहिलं. राइहाने 'पाठव' म्हटलेलं आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तरी तिने फोन लावला आणि तो टेबलावर ठेवला. बाईंनी राइहाला तेच विचारलं. पलीकडे यंत्रांचा आवाज येत होता. ओरिवाने टेबलाची कड घट्ट धरली होती.

"ओरिवा," राइहा अखेर म्हणाली, "फोनवर तू काय सांगितलंस करखात्याच्या त्या मुलाला?"

"तुझी आहे म्हणून."

"भाड्याचे पैसे बुडत असताना?"

"मग काय सांगणार होते?"

मग राइहाचा आवाज आला, जरा घोगरा. "बाई, लिहून घ्या. जन्म मी दिला. पोसते ती, आणि तीच पोसणार. मी सगळ्यांसमोर दिलीय, परत मागायची नाही."

बाहेर आल्यावर ओरिवा गाडीत बसून राहिली, किल्ली फिरवेना. बाईंनी सांगितलं होतं की शाळेचा दाखला आला की रक्कम सुरू होईल, थांबलेलीही मिळेल. मला वाटलं, त्याचाच विचार करते आहे.

"कोरो," ती म्हणाली, "ती पिशवी मी रिकामी करू, की तिची तिला करू देऊ?"

संध्याकाळी कुंपणावरून पाहिलं तर पिशवी दाराशीच होती. कुइनी पायरीवर बसून तिच्यातून एकेक कपडा काढत होती, आणि आत ओरिवा तिला जेवायला हाका मारत होती.