नळीच्या दुसऱ्या टोकाला

फोनवर ‘काका गॅरेज’ हे नाव दिसलं, म्हणून मी नेहमीसारखी ओरडूनच म्हणाले, “बोला काका!” पलीकडून बाईचा आवाज आला. “हळू बोला. मला ऐकू येतं.” इब्राहिमकाकांची लेक, शमीमताई. “अब्बा गेले… सकाळी, चहा घेता घेता.” या गोष्टीला दीड महिना झाला. अजूनही मला आधी आठवतं ते शमीमताईंचं पहिलं वाक्यच, आणि हसू येतं. त्याआधी मला आयुष्यात कुणी हळू बोलायला सांगितलेलं नव्हतं. शाळेत टीचर ‘लाउडर, प्लीज’ म्हणायच्या. आई अजूनही विचारते, भिंतीशी बोलतेस का?

आमची ओळख गाडीमुळे झाली. बाबांनी नवी गाडी घेतली आणि आपली पंचवीस वर्षांची कार्बोरेटरवाली मला दिली. रस्त्यावर ती बरी चालायची. सिग्नलला थांबली की थंडी भरल्यासारखी कापायची आणि हिरवा लागायच्या आत बंद पडायची. सदाशिव पेठेत आमच्या घराजवळच्या दोन मेकॅनिकांनी एकच उपाय केला. स्क्रू फिरवून इंजिनाचा वेग वाढवून दिला. मग ती उभ्या उभ्या घोंघावायला लागली. शेवटी वारज्याला काकांकडे नेली. सत्तरी गाठलेले, पांढरी दाढी, कानामागे पेन्सिल. बॉनेट उघडून म्हणाले, “पेशंटला ताप आहे आणि डॉक्टर नुसता थर्मामीटर झटकतायत. मॅडम, ही कुठूनतरी चोरून हवा ओढतेय.” एखादी नळी चिरली किंवा पॅकिंग सुकलं, की तिथून जास्तीची हवा इंजिनात शिरते. “लग्नात पाकीटमार शिरतो तशी. गर्दीत कळत नाही, मांडव रिकामा झाला की कळतं. तसं हिचं, उभी राहिली की.”

ती वाट शोधायला त्यांच्याकडे हातभर लांबीची एक रबरी नळी होती. एक टोक कानाला लावायचं, दुसरं चालू इंजिनावरून फिरवायचं. फुसफुस जिथे वाढेल तिथे गळती. काकांच्या या कानाची ख्याती अशी, की लोक पार शहराच्या दुसऱ्या टोकाहून, मांजरीहून गाड्या घेऊन यायचे. त्या दिवशी त्यांनी नळी फिरवली, मान डोलावली आणि निकाल दिला, “कार्बोरेटरखालचं पॅकिंग.” मी शेजारी स्टुलावर बसले होते. मला तर नळीशिवायच सुस्कारा ऐकू येत होता, ब्रेककडे जाणाऱ्या जाड नळीपाशी. काकांची नळी तिथून गेली, पण थांबली नाही. मी बोलायला हवं होतं. पण पन्नास वर्षं हेच काम केलेल्या माणसाला मी काय सांगणार… त्यांनी दुपारभर खपून कार्बोरेटर उतरवला, पॅकिंग बदललं, परत चढवला. गाडी सुरू केली. ती तशीच कापत होती.

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी पुन्हा नळी कानाला लावली. या वेळी मी इंजिनाकडे न बघता त्यांच्याकडे बघत राहिले. चहावाल्याने मागून दोनदा हाक मारली, ते वळले नाहीत. ते ऐकत नव्हते. ऐकल्यासारखं करत होते. मी उठले आणि त्या जाड नळीच्या चिरेवर अंगठा दाबला. थरथर थांबली. काकांचा तळवा मडगार्डवर होता, त्यालाच ती थांबल्याचं कळलं.

“तुम्हाला कधीपासून ऐकू येत होतं?”

“सकाळपासून,” मी पुटपुटले.

“काय?”

“सकाळपासून!”

“मग तोंडात मिठाची गुळणी धरली होती का?”

कुठून धीर आला कोण जाणे, मी ओरडूनच विचारलं, “आणि तुम्हाला कधीपासून ऐकू येत नाही?”

त्यांनी फडक्याला हात पुसले. “दोन वर्षं झाली… कुणाला बोलू नका. कान गेलेल्या मेकॅनिककडे गाडी कोण आणेल?” मग स्वतःच हसायला लागले. “एकीला बोलवत नाही, एकाला ऐकवत नाही. गाडीचा दिवस मात्र चांगला गेला!”

त्यानंतर मी दर शनिवारी वारज्याला जायला लागले. अशा दुखण्याच्या सगळ्या गाड्या काका शनिवारीच बोलवायचे. “नाजूक काम आहे, घाईचं नाही,” असं गिऱ्हाइकाला ऐकवायचे. नळीचं एक टोक माझ्या कानाला, दुसरं त्यांच्या हातात. “शिकतायत मॅडम,” अशी माझी ओळख. चालू इंजिनावरून मी ओरडायचे, “डावीकडे! अजून खाली! इथे!” आणि काका परीक्षा घेतल्यासारखे गंभीरपणे म्हणायचे, “बरोब्बर.” गिऱ्हाईक माझ्याकडे कौतुकाने बघायचं. कानाला मशीन लावा, असं मी एकदा सुचवून पाहिलं. “लावतो की. मग लोक आधी माझं बॉनेट उघडतील,” ते म्हणाले.

भेटायला गेले तेव्हा शमीमताईंनी ती नळी माझ्या हातात ठेवली. कानाकडचं टोक घासून गुळगुळीत झालेलं. “अब्बांना वाटायचं, मला माहीत नाही. अहो, घरातला टीव्ही अख्खी गल्ली ऐकायची!” मी विचारलं, हे लिहिलं तर चालेल का? म्हणाल्या, “लिहा. आता गिऱ्हाईक तुटायची भीती नाही.”

नळी माझ्या गाडीत असते. परवा शनिवारी गाडी पुन्हा जरा कापायला लागली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं, नळी कानाला लावली, फिरवली. कार्बोरेटरच्या मागे बारीक फुसफुस सापडली आणि मी ओरडले, “इथे!”

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या. “अगं, कोण बहिरं आहे तिथे?”

“कुणी नाही काकू, सवय आहे!” मी म्हणाले. तेही ओरडूनच.